नसण्याचे दोन प्रकार

ऑटोडेस्कच्या फ्यूजनसारख्या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या घटकावर राइट क्लिक केलं की जी यादी उघडते, तिच्यात दोन आज्ञा अगदी जुळ्या वाटाव्यात अशा असतात: डिलीट आणि रिमूव्ह. दोन्हींपैकी कोणतीही दाबली तरी पडद्यावरचा घटक जातो. नवशिक्या माणूस सवयीनं डिलीट दाबतो. मग खालच्या टाइमलाइनवर, म्हणजे डिझाइन घडवणाऱ्या पायऱ्यांच्या क्रमवार पट्टीवर, पिवळ्या-लाल खुणा उमटतात, कालपर्यंत धड असलेली भोकं आणि खाचा बिघडतात, आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी जातो. एकाच कामाला दोन बटणं ठेवणारा कुणी तरी प्रोग्रॅमर गोंधळलेला असणार, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात ती दोन कामं आहेत, आणि ती वेगळी का झाली याचं उत्तर ड्रॉइंग ऑफिसच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या व्यवहारात सापडतं. एखादा भाग ‘कधी नव्हताच’ आणि एखादा भाग ‘होता, पण आता नाही’ या दोन स्थितींतला फरक कागदावर काम करणाऱ्यांनी फार पूर्वी ओळखला होता. संगणकानं सुरुवातीला तो पुसून टाकला. पुढे डिझाइन साठवण्याची पद्धत बदलत गेली, तसतसा तो पुन्हा मांडावा लागला.

कागदाच्या काळात खोडणं हे कष्टाचं काम होतं. ट्रेसिंग क्लॉथवर किंवा ट्रेसिंग पेपरवर शाईनं मारलेली रेघ साध्या रबरानं निघत नसे. ती ब्लेडच्या टोकानं हलक्या हातानं खरवडावी लागे. खरवडलेली जागा मग घासून गुळगुळीत करायची, नाही तर नव्या रेघेची शाई तंतूंमध्ये पसरे. त्याच जागी पुन्हा पुन्हा हात चालला की कागद विरे. पण एकदा नीट खरवडलं की ती रेघ मूळ ट्रेसिंगवरून खरोखर जाई, आणि तिच्यामुळे शेजारच्या कोणत्याही रेघेला धक्का लागत नसे. बेअरिंगच्या मापावरून हाउसिंगचं भोक काढलं असेल आणि नंतर बेअरिंगच खोडलं, तरी भोक होतं तिथेच राही. या दोहोंमधला संबंध ड्राफ्ट्समनच्या डोक्यात होता. कागदाला त्याचा पत्ता नव्हता. म्हणूनच कागदावर खोडणं सोपं आणि धोक्याचंही होतं. भोक का आहे हे सांगणारी वस्तू गेली, तरी भोक मुकाट्यानं उभं राही.

धोका कळल्यामुळेच धंद्यानं दुसरी रीत बसवली. ट्रेसिंग कपाटात राही आणि कारखान्यात जात त्या प्रती. जॉन हर्शेलनं 1842 मध्ये शोधलेल्या निळ्या छपाईतून ब्लूप्रिंट आली, पुढे अमोनिया प्रिंट आली. मूळ खरवडता येतं. फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये आणि बाहेरच्या पुरवठादाराकडे गेलेल्या प्रती खरवडता येत नाहीत. म्हणून ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजनचा तक्ता आला: अक्षर, तारीख, काय बदललं, कुणी सही केली. भागांच्या यादीत तर ही शिस्त आणखी स्पष्ट दिसे. सातव्या क्रमांकाचा भाग रद्द झाला, तर आठव्याला सातवा करायचा नाही, हा पाळला जाणारा दंडक होता. सातव्या ओळीत ‘रद्द’ असं लिहून ती ओळ तशीच ठेवत. कारण चित्रातल्या बलूनमधले आकडे, स्टोअरच्या चिठ्ठ्या आणि खरेदीचे कागद या सगळ्यांनी त्या आकड्यांवर भिस्त ठेवलेली असे. म्हणजे एकाच टेबलावर नाहीसं करण्याच्या दोन रीती चालत. चित्रातली रेघ मागमूस न ठेवता जाई. यादीतला भाग मात्र आपण गेल्याची नोंद ठेवून जाई. कोणती रीत कुठे, हे एका प्रश्नावर ठरे: या गोष्टीच्या भरवशावर दुसरं कुणी काही केलं आहे का?

संगणकावरच्या रेखाटनाचा आरंभ धरला जातो तो आयव्हन सदरलंड यांच्या स्केचपॅड या प्रोग्रॅमपासून. एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतल्या टीएक्स-2 या संगणकावर त्यांनी तो चालवला आणि 1963 मध्ये त्यावरचा प्रबंध सादर केला. स्केचपॅडमध्ये रेषा म्हणजे पडद्यावरचा नुसता उजेड नव्हता. ती दोन बिंदूंवर टेकलेली आहे, हे यंत्राला ठाऊक होतं. इतके दिवस ड्राफ्ट्समनच्या डोक्यात असलेलं अवलंबन पहिल्यांदा यंत्राच्या स्मृतीत उतरलं. लगेच प्रश्न आला: बिंदू खोडला तर त्याच्यावर टेकलेल्या रेषेचं काय करायचं? सदरलंड यांनी दिलेलं उत्तर सरळ आणि कठोर होतं. ज्यावर दुसऱ्या गोष्टी अवलंबून आहेत ती गोष्ट खोडली, की अवलंबून असलेल्याही खोडायच्या, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्याही, अशी साखळी शेवटपर्यंत न्यायची. टोक नसलेली रेषा यंत्राला समजत नाही, त्यामुळे हा निर्णय तर्काला धरूनच होता. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली. संगणकाला अवलंबन कळू लागलं, तेव्हा खोडण्याचा अर्थ ‘मुळासकट उपटणं’ असाच त्यानं घेतला. ‘रद्द’ लिहून ओळ राखण्याची कागदी रीत या नव्या जगात उतरली नाही.

पुढच्या दोन दशकांत त्या रीतीचे तुकडे वेगवेगळ्या वाटांनी परत येऊ लागले. 1970 च्या दशकात घनाकृती संगणकात कशा मांडायच्या, यावर दोन मतं होती. केंब्रिजमध्ये इयन ब्रेड आणि त्यांचे सहकारी आकृतीचा पृष्ठभाग साठवत होते: किती पृष्ठं, किती कडा, किती कोपरे, आणि कोण कुणाला लागून. अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होलकर आणि अरिस्टिडिस रिक्विचा यांचा गट आकृती घडवण्याची कृती साठवत होता. पहिल्या रीतीत ठोकळ्यातलं भोक म्हणजे एक गोल भिंत. दुसऱ्या रीतीत तेच भोक म्हणजे ठोकळ्यातून वजा केलेलं एक नळकांडं. ते नळकांडं अंतिम वस्तूत कुठेच दिसत नाही, पण साठवलेल्या वृक्षात त्याला हक्काची जागा असते. त्याचा व्यास बदलला की भोक बदलतं. दिसत नाही पण काम करून गेली आहे, अशी वस्तू संगणकाच्या हिशेबात प्रथम इथे आली. 1982 मध्ये बाजारात आलेल्या ऑटोकॅडनं हाच भेद निराळ्या कारणासाठी केला. चित्रात ठेवलेला ब्लॉक, म्हणजे एकदा व्याख्या करून हवी तिथे बसवायची आकृती, इरेझ या आज्ञेनं जातो, पण त्या ब्लॉकची व्याख्या फाइलीतच राहते. तीही घालवायची तर पर्ज ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. चुकून खोडलेलं परत आणायला ऊप्स नावाची आज्ञा होती, हे तर वापरणाऱ्यांच्या हाताचा स्वभाव ओळखूनच दिलेलं.

खरं वळण आलं ते सॅम्युएल गाइसबर्ग यांच्यामुळे. लेनिनग्राडहून 1974 मध्ये अमेरिकेत आलेल्या या गणितज्ञानं 1985 मध्ये पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशन ही कंपनी काढली आणि 1988 च्या सुमारास प्रो-इंजिनिअर बाजारात आणलं. डिझाइनमध्ये बदल करण्याचा खर्च शून्याच्या जवळ आणायचा, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी केंब्रिजची आणि रोचेस्टरची वाट एकत्र आली: पडद्यावर पृष्ठभाग दिसायचा, पण मागे पायऱ्यांची क्रमवार यादी असायची. स्केच, मग उंची, मग भोक, मग गोलाई. माप बदललं की यादी वरून खाली पुन्हा चालवायची. प्रत्येक पायरीला आईबाप आणि पोरं आली. भोक ज्या पृष्ठावर टेकलं ते पृष्ठ देणारी पायरी त्याची पालक. अशा जगात पायरी डिलीट करणं म्हणजे सदरलंड यांचाच नियम: पालक गेला की पोरांचीही सोय लावावी लागते, एक तर तीही जातात किंवा त्यांना दुसरा आधार द्यावा लागतो. सोबत सप्रेस ही आज्ञा आली, जी पायरी तात्पुरती हिशेबाबाहेर ठेवते. पुष्कळ जण सप्रेसला रिमूव्हचंच जुनं रूप समजतात, पण ते तसं नाही. सप्रेस केलेल्या पायरीबरोबर तिची पोरंही हिशेबाबाहेर जातात. म्हणजे सप्रेस हा परत फिरवता येणारा डिलीट आहे. पालकाला काम करू द्यायचं, पोरांना जगू द्यायचं आणि मग फक्त पालकाला बाजूला करायचं, ही सोय त्यात नाही.

ती सोय तेव्हा कुणी फारशी मागितलीही नाही, आणि त्याचं कारण फाइलींच्या रचनेत आहे. प्रो-इंजिनिअरमध्ये, आणि जॉन हर्शटिक यांच्या कंपनीनं 1995 मध्ये आणलेल्या सॉलिडवर्क्समध्ये, एक पार्ट म्हणजे एक फाइल असे आणि असेंब्ली ही निराळी फाइल. असेंब्लीतून पार्ट डिलीट केला तर डिस्कवरची त्याची फाइल शाबूत राही. जात असे ती फक्त ‘हा पार्ट इथे बसवला आहे’ ही नोंद. ड्रॉइंग ऑफिसच्या कपाटात प्रत्येक भागाचं ट्रेसिंग वेगळं असे, त्याच धर्तीची ही विभागणी होती. तीत खोडण्याचा घाव आपोआप मर्यादित राही. शेजारच्या पार्टच्या कडेवरून रेघ उचलली असेल तर संदर्भ तुटे, हे खरं; त्या तुटक्या संदर्भांनी अनेक असेंब्ल्या खिळखिळ्या केल्या आहेत. पण वस्तूच जगातून गेली, असं होत नसे. नसण्याचे दोन प्रकार वेगळे ठेवण्याचं काम आज्ञेऐवजी फाइलींची भिंत करत होती.

ती भिंत पडल्यावर नवी आज्ञा लागली. सॉलिडवर्क्सनं 2003 च्या आवृत्तीत एकाच पार्टमध्ये अनेक सुट्या घनाकृती, म्हणजे बॉडी, ठेवू दिल्या. एका पायऱ्यांच्या यादीत अनेक वस्तू नांदू लागल्या, आणि त्याबरोबर नको असलेली बॉडी काढणारं एक फीचरच यादीत बसवता येऊ लागलं. ते यादीच्या शेवटी इतर पायऱ्यांसारखंच दिसतं, मागेपुढे हलवता येतं, आणि तेच डिलीट केलं तर गेलेली बॉडी परत येते. 2013 मध्ये फ्यूजन 360 या नावानं आलेल्या ऑटोडेस्कच्या प्रणालीनं पुढचं पाऊल टाकलं: सगळे घटक एका फाइलीत आणि सगळ्यांची मिळून एक टाइमलाइन. तिथे रिमूव्ह आलं. हर्शटिक यांनी पुढे काढलेल्या आणि 2015 मध्ये खुल्या झालेल्या ऑनशेपमध्ये एका पार्ट स्टुडिओत अनेक पार्ट घडतात. तिथेही यादीतला पार्ट काढला की ‘पार्ट डिलीट केला’ असं फीचर पायऱ्यांमध्ये जमा होतं. तीन प्रणाली, तीन नावं, पण युक्ती एकच. तिघींनी नुसती एकमेकींची नक्कल केली असंही म्हणता येईल. पण नक्कल करायची तर ती एक पार्ट, एक फाइल या जुन्या रचनेतही करता आली असती. तिथे हे फीचर रुजलं नाही. एका इतिहासात अनेक वस्तू आल्या तिथेच रुजलं. गरज रचनेतून आली, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

हा भेद प्रत्यक्षात कसा चालतो ते एका साध्या कामावर बघता येतं. एका सर्किट बोर्डासाठी प्लास्टिकची पेटी करायची आहे. बोर्डाचा घटक आधी फाइलीत येतो. त्याच्या चार भोकांची केंद्रं स्केचवर प्रोजेक्ट करून पेटीतले स्क्रूचे खांब उभे केले जातात. यूएसबीच्या तोंडाजवळ एक ठोकळा काढून तो पेटीच्या भिंतीतून वजा केला जातो. खाच तयार होते. आता पेटी छपाईला पाठवायची आहे आणि बोर्ड नको आहे. बोर्ड आणि ठोकळा डिलीट केले, तर टाइमलाइनमधून त्यांना घडवणाऱ्या पायऱ्याच जातात. प्रोजेक्ट केलेले बिंदू कुठून आले हे आता यंत्राला सांगता येत नाही, तिथे पिवळी खूण येते. वजाबाकीला वजा करायला काही उरत नाही, तिथे लाल. रिमूव्ह केलं तर टाइमलाइनच्या शेवटी एक छोटी खूण वाढते. खांब जागच्या जागी, खाच जशीच्या तशी, आणि भागांच्या यादीत बोर्ड नाही. टाइमलाइनचा मार्कर त्या खुणेच्या डावीकडे ओढला की बोर्ड परत दिसतो. उद्या बोर्डाचं एक भोक दोन मिलिमीटर सरकलं, तर मागे जाऊन ते सरकवायचं; पुढचे खांब आपोआप सरकतात. रिमूव्ह केलेला बोर्ड नाहीसा झालेला नाही. अंतिम वस्तूत त्याला जागा नाही एवढंच. ती वस्तू घडवण्याचं त्याचं काम चालूच आहे. नुसतं हाइड केलं असतं तर डोळ्यांना हेच दिसलं असतं, पण भागांच्या यादीत बोर्ड राहिला असता. हाइड पडद्यापुरतं, सप्रेस पोरांसकट, डिलीट मुळासकट आणि रिमूव्ह फक्त इथून पुढे.

महाराष्ट्रात जमिनीचे कागद हाताळणाऱ्या कुणालाही हा भेद शिकवावा लागणार नाही. सातबाऱ्यावरचा खातेदार वारला किंवा त्यानं जमीन विकली, की त्याचं नाव पुसून टाकत नाहीत. नावाला कंस करतात, खाली नवं नाव चढतं आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. कंसातल्या माणसाचा आज जमिनीवर हक्क नाही, पण आजच्या मालकाचा हक्क कुठून आला हे त्याच्याशिवाय सांगता येत नाही. नव्या नावाचा आधार जुनं नाव आहे, म्हणून ते राखायचं. ज्याची नोंद मुळातच चुकीनं झाली, त्याचा प्रश्न वेगळा. तिथे दुरुस्तीच करावी लागते. रिमूव्ह म्हणजे कंस करणं आणि डिलीट म्हणजे नोंदच चुकीची होती असं ठरवणं. दोन्ही कामं रास्त आहेत. एकाच्या जागी दुसरं केलं की घोटाळा होतो.

यावर पहिला आक्षेप असा की जुन्या आवृत्त्या साठवलेल्या असताना टाइमलाइनमध्ये गेलेल्या वस्तूंची भुतं कशाला वागवायची? आजकाल प्रत्येक सेव्हबरोबर नवी आवृत्ती जमा होते, हवी ती उघडता येते. आक्षेप वजनदार दिसतो, पण त्यात दोन निरनिराळे इतिहास एक समजले गेले आहेत. आवृत्ती सांगते की काल फाइल कशी होती. टाइमलाइन सांगते की आजची वस्तू कशी घडते. टाइमलाइनला इतिहास म्हणतात खरं, पण ती बखर नाही. डिझाइनरनं सोमवारी केलेली चूक मंगळवारी डिलीट केली की टाइमलाइनमध्ये तिचा मागमूस उरत नाही. पायऱ्यांची अदलाबदलही करता येते. घडलं तसं ती सांगत नाही, घडवायचं कसं ते सांगते. ऑनशेपनं तर दोन्ही इतिहास उघडपणे वेगळे ठेवले: पार्ट स्टुडिओतली फीचरची यादी संपादित करता येते, आणि त्या संपादनांची नोंद ठेवणारा इतिहास स्वतंत्र असतो. कालची आवृत्ती उघडून त्यात बोर्ड सापडेल, पण त्या बोर्डाचं भोक सरकवलं तरी आजच्या पेटीचा खांब हलणार नाही. गेलेल्या वस्तूचं चित्र आवृत्तीत मिळतं. तिनं दिलेला आधार मिळत नाही. चुकीची वस्तू काढायला म्हणूनच डिलीट आणि जुन्या आवृत्त्या पुरतात. काम केलेल्या वस्तूला रिमूव्हच लागतं.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे आणि तो काही अंशी मान्य करावा लागतो. रिमूव्ह ओझं वाढवतं. काढलेल्या घटकाच्या सगळ्या पायऱ्या प्रत्येक बदलाबरोबर पुन्हा चालतात. फाइल जड होते, आणि नव्यानं ती हातात घेणाऱ्याला न दिसणाऱ्या वस्तूंचं जाळं उलगडावं लागतं. याहून गंभीर बाब गुपिताची. मूळ फाइल पुरवठादाराला पाठवली तर मार्कर मागे ओढून त्याला ‘काढलेला’ बोर्ड बघता येतो. ग्राहकाचा गोपनीय भाग रिमूव्ह करून फाइल पुढे पाठवणं म्हणजे काहीच न लपवणं. अशा वेळी घडण्याची कहाणी कापून फक्त आकार पाठवणं हाच मार्ग, आणि त्यासाठीच स्टेपसारखा तटस्थ फॉरमॅट आहे. त्याचे पहिले भाग 1994 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आले, आणि रोजच्या देवघेवीत त्यातून जातो तो तयार पृष्ठभाग. पायऱ्या जात नाहीत. हस्तलिखित सातबाराही साधारण दहा वर्षांनी नव्यानं लिहिला जाई, आणि कंसातली जुनी नावं नव्या कागदावर चढत नसत. ओझं हलकं व्हायचं. पण जुना कागद फाडत नसत. तो अभिलेख कक्षात जाई, कारण पुनर्लेखनात एखादं नाव सुटलं तर शोधायला जागा हवी. डिझाइनच्या फाइलीलाही हाच न्याय लावावा. बाहेर जाणारी प्रत पायऱ्यांविना असावी. घरात राहणारी मात्र तिच्या सगळ्या कंसांसकट.

तिसरा आक्षेप थेट मुळावर घाव घालतो: पायऱ्यांचा हा संसारच कशाला? 2007 मध्ये आलेल्या स्पेसक्लेमनं आणि 2008 मध्ये सीमेन्सनं जाहीर केलेल्या सिंक्रोनस टेक्नॉलॉजीनं हाच प्रश्न बाजारात मांडला. पृष्ठ धरा, ओढा, आकार बदला. मागे कोणती पायरी होती याची फिकीर नको. स्पेसक्लेमच्या संस्थापकांपैकी माइक पेन हे त्याआधी पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजीच्या आणि सॉलिडवर्क्सच्याही उभारणीत होते, म्हणजे पायऱ्यांच्या पद्धतीचा त्रास ठाऊक असलेल्या माणसानंच तिला पर्याय दिला. या पद्धतीत डिलीट आणि रिमूव्ह हा वादच मिटतो. फ्यूजनमध्येही इतिहास न नोंदवता काम करता येतं, आणि तिथे या भेदाला अर्थ उरत नाही. पण वाद मिटतो तो प्रश्न सुटतो म्हणून नव्हे. भोक कशासाठी आहे, खांब कुणाच्या मापावर उभा आहे, हे ज्ञान पुन्हा माणसाच्या डोक्यात जातं, ट्रेसिंग क्लॉथच्या दिवसांत होतं तसंच. एकदाच करायच्या जिगला ते चालतं. दहा वर्षं बदलत राहणाऱ्या पंपाला नाही. बाजारानं दिलेला कौलही एकतर्फी नाही. पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजीनं 2007 मध्ये कोक्रिएट ही थेट ओढण्याची पद्धत असलेली कंपनी विकत घेतली आणि पुढे क्रिओ या नावाखाली दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या.

इतिहास गमावल्याची किंमत किती, याचा एक दाखला मराठी मुलखाशी जोडलेला आहे. मुंबईत गोदरेज समूहातून उभ्या राहिलेल्या जिओमेट्रिक या कंपनीनं सॉलिडवर्क्ससाठी फीचरवर्क्स नावाचं साधन घडवलं. बाहेरून आलेली, पायऱ्या नसलेली मुकी आकृती घ्यायची आणि हे भोक असावं, ही गोलाई असावी, असं ओळखून पायऱ्यांची यादी पुन्हा उभी करायची, हे त्याचं काम. म्हणजे टाकून दिलेला इतिहास अंदाजानं परत मिळवायला एक स्वतंत्र सॉफ्टवेअर लिहिलं गेलं आणि लोकांनी ते वापरलं. त्याची मर्यादाही बोलकी आहे. असं साधन भोक ओळखू शकतं. ते भोक कोणत्या बोर्डाच्या कोणत्या स्क्रूसाठी होतं, हे आकृतीत लिहिलेलंच नसतं, मग ते ओळखणार कशावरून? आकार परत मिळतो, कारण परत मिळत नाही.

इतकं म्हटल्यावर रिमूव्हच्या बाजूनं अवास्तव दावा करू नये. पायऱ्यांची पद्धत स्वतःच ठिसूळ आहे. आधीची पायरी बदलली की पृष्ठांची आणि कडांची यंत्रानं दिलेली अंतर्गत नावं बदलू शकतात, आणि ‘त्या कडेला गोलाई दे’ ही आज्ञा भलत्याच कडेवर जाऊन बसते. फ्रीकॅड या अशाच प्रणालीच्या वापरकर्त्यांनी हा त्रास वर्षानुवर्षं काढला. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत त्यावर मोठा उपाय आला तेव्हा ती त्या आवृत्तीची ठळक बातमी होती. रिमूव्ह आधार टिकवतं, पण आधार मुळात मजबूत होता की नाही, हे ते ठरवत नाही. आणि जी वस्तू खरोखरच चुकून आली, जिच्यावर काहीच टेकलेलं नाही, तिला रिमूव्ह करून ठेवणं हा निष्काळजीपणा आहे. अशा दहा खुणा साचल्या की अकरावी, महत्त्वाची खूण त्या गर्दीत हरवते. तिथे डिलीटच योग्य, आणि तो निर्धास्तपणे करावा.

तेव्हा या दोन बटणांतून निवड करताना ‘पुन्हा लागेल का?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. त्याचं उत्तर अंदाजावर चालतं, आणि भित्रा माणूस सगळंच राखून ठेवतो. ड्रॉइंग ऑफिसचा जुना प्रश्न नेमका आहे आणि त्याचं उत्तर फाइलीतच सापडतं: या वस्तूच्या भरवशावर दुसरं काही उभं आहे का? नसेल तर ती कधी नव्हतीच असं मानायला हरकत नाही. असेल तर तिचं जाणं हीसुद्धा डिझाइनमधली एक पायरी आहे, आणि पायरी म्हणूनच ती नोंदली गेली पाहिजे. सदरलंड यांच्या यंत्राला अवलंबन कळलं तेव्हा त्यानं अवलंबून असलेल्यांना मारून टाकलं. पाच दशकांनी आलेल्या रिमूव्हनं आधार देणाऱ्याला बाजूला करून अवलंबून असलेल्यांना जगवायची सोय केली. मधल्या काळात संगणकाचा वेग आणि स्मृती वाढली, पण त्या वाढीतून हा फरक आला नाही. एका फाइलीत, एका इतिहासात अनेक वस्तू आणि अनेकांचे हात आले, तेव्हाच तो मांडावा लागला. उद्या एकाच मॉडेलवर चार गावांतले चार जण एकाच वेळी काम करत असतील, तेव्हा कुणाच्या आधारावर कुणाचं काम उभं आहे हे कळणं आणखी अवघड होईल. त्या दिवसांत डिलीटचा अधिकार कुणाकुणाला द्यायचा हे ठरवावं लागेल, आणि ‘रद्द’ असं लिहून त्यावर सही करायची ड्रॉइंग ऑफिसची जुनी शिस्त त्यासाठी आजही पुरेशी आहे.